छोट्या फुटबॉल क्लबने खेळाडू कसे घ्यावेत: आधी मिनिटांची वही, मग नावं

ट्रान्स्फर विंडो, म्हणजे खेळाडू घ्यायची-द्यायची ठरलेली मुदत, बंद व्हायला चार दिवस उरलेत आणि स्ट्रायकर, म्हणजे पुढे राहून गोल मारणारा, अजून मिळालेला नाही. एजंटचा फोन येतो, पाठोपाठ चार मिनिटांचा व्हिडिओ. त्यात पोरगा गोलामागून गोल मारतोय, एकही चेंडू पायातून सुटत नाही. अध्यक्ष म्हणतात, घेऊन टाका. कोच म्हणतो, उंच आहे, चालून जाईल. दोन वर्षांचा करार होतो आणि निम्मा हंगाम सरेपर्यंत तो पोरगा बाकावर बसून पूर्ण पगार घेत असतो.

खालच्या डिव्हिजनमध्ये हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही. एकदोनदा त्यात माझाही हात होता. चूक झालेली असते सहा महिने आधी, कारण आपल्याला नक्की काय हवंय हे तेव्हा कुणी कागदावर उतरवलेलं नसतं. शेवटच्या चार दिवसांत तिचं फक्त बिल येतं.

छोट्या क्लबकडे पैसा नाही, नाव नाही, झगमगतं स्टेडियम नाही. मोठ्या क्लबपेक्षा जास्त देण्यासारखी एकच गोष्ट त्याच्याकडे असते: मैदानावरची मिनिटं. वरच्या डिव्हिजनच्या बाकावर कुजणाऱ्या वीस वर्षांच्या खेळाडूला तीच हवी असतात. म्हणून भरतीचा सगळा विचार मी मिनिटांत करतो, आणि खालचं प्रत्येक पाऊल त्यातूनच निघतं.

पाऊल पहिलं: मिनिटांची वही

एखाद्या हंगामात तुमच्या संघाला एकूण किती मिनिटं भरायची असतात? इंग्लंडच्या लीग वन आणि लीग टूमध्ये, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या पातळीवर, २४ संघ आहेत, प्रत्येकाचे ४६ सामने. ४६ गुणिले ९० गुणिले ११, म्हणजे ४५,५४० मिनिटं. तुमच्या लीगमध्ये ३० सामने असतील तर २९,७००. इंज्युरी टाइम आणि लाल कार्डं सोडून द्या, अंदाजाला एवढं पुरतं.

आता एक तक्ता मांडा. खेळाडूचं नाव, जागा, पुढचा हंगाम सुरू होताना वय, गेल्या हंगामातली मिनिटं, करार कधी संपतो, महिन्याचा एकूण खर्च. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: पुढच्या हंगामात तो खरोखर किती मिनिटं खेळेल. इथे स्वतःला फसवायचं नाही. तेहेतीस वर्षांच्या सेंटर बॅकने, म्हणजे मधल्या बचावपटूने, गेल्या हंगामात ३,४०० मिनिटं काढली असतील, तर पुढच्या रकान्यात २,४०० लिहा. तो संघात आहे म्हणून त्या जागेला सगळे निर्धास्त असतात, पण हजार मिनिटांचं भोक तिथे पडलेलंच असतं. पहिल्यांदा वही मांडणाऱ्या क्लबला अशी दोन-तीन भोकं हमखास सापडतात.

लोनवर आलेल्यांची मिनिटं वेगळ्या रंगात लिहा. ती भाड्याची आहेत. हंगाम संपला की खेळाडू परत जातो आणि मागे ना संघ उरतो ना विक्रीचे पैसे.

मग बेरीज करा. समजा, करार संपून जाणाऱ्यांची १२,०००, लोनची ५,००० आणि वयामुळे घटणारी २,५०० मिनिटं. एकूण १९,५००, म्हणजे ४५,५४० पैकी जवळपास ४३ टक्के. माझा ठोकताळा असा की एक तृतीयांशपर्यंत बदल पचतो. चाळीस टक्क्यांच्या वर गेलात की अख्खा नवा संघ बांधायला लागता, आणि त्याला जुळायला लागणारा वेळ गुणतक्त्यात मोजावा लागतो.

अशा वेळी बाहेर बघण्याआधी घरातले करार वाढवा. त्याला कुणी भरती म्हणत नाही, पण याहून स्वस्त आणि भरवशाची भरती नाही. घरच्या खेळाडूचे गुडघे, त्याचा राग, पराभवानंतरचा त्याचा सोमवार, सगळं तुम्हाला ठाऊक असतं. पेली रडॉक म्पान्झू लुटन टाउनमध्ये आला तेव्हा क्लब इंग्लिश फुटबॉलच्या पाचव्या पातळीवर होता. २०१४ मध्ये लुटन तिथून वर आलं, २०२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोहोचलं, आणि एकाच क्लबकडून पाचव्या पातळीपासून प्रीमियर लीगपर्यंत खेळलेला तो पहिला खेळाडू ठरला. असा माणूस दर उन्हाळ्यात बाजारात शोधत बसावं लागलं नाही, हाच त्यातला फायदा.

पाऊल दुसरं: ‘फुकट’ या शब्दाचा हिशेब

१५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाने बोस्मन खटल्याचा निकाल दिला. तेव्हापासून करार संपलेला खेळाडू युरोपीय संघात एका देशातून दुसऱ्या देशात ट्रान्स्फरच्या रकमेशिवाय जाऊ शकतो, आणि हळूहळू सगळीकडे हीच रीत पडली. खालच्या डिव्हिजनमधली बहुतेक भरती आता याच वाटेने होते. लोक म्हणतात, फुकट मिळाला. मिळतो कसला!

आकडे मांडून बघा. एकोणतीस वर्षांचा ‘फुकट’ खेळाडू: महिन्याला १०० एकक पगार, दोन वर्षांचे २,४००. सहीची रक्कम ३००, एजंटचे १५०, घर आणि स्थलांतराचे १५०. एकूण ३,०००, दोन हंगाम, आणि विकून शून्य. दुसरीकडे एकवीस वर्षांचा खेळाडू, ट्रान्स्फरची रक्कम ८००, महिन्याला ६० पगार, तीन वर्षांचे २,१६०. एकूण २,९६०, तीन हंगाम, आणि पुढे विकला जाण्याची शक्यता. दुसरा नेहमीच बरा असं मी म्हणत नाही, ड्रेसिंग रूममध्ये दोन-तीन अनुभवी माणसं लागतातच. पण तुलना एकूण खर्चाची करा, ट्रान्स्फरच्या रकमेची नव्हे.

पगाराची वरची मर्यादा ठरवा आणि ती मोडू नका. एकासाठी मोडलीत तर आठवड्याभरात सगळ्यांना कळतं, आणि पुढच्या करारांच्या बोलण्यांत तोच आकडा तुमच्या तोंडावर फेकला जातो. खालच्या डिव्हिजनमध्ये घसरलो तर पगार आपोआप कमी होईल, हे कलम प्रत्येक करारात हवं. आणि बजेटचा दहा-पंधरा टक्के भाग हंगामाच्या मधल्या विंडोसाठी हात न लावता ठेवा. तोपर्यंत कुणाचा तरी गुडघा गेलेला असतोच.

पाऊल तिसरं: जागेचं वर्णन एका पानात

‘चांगला लेफ्ट बॅक (डावा बचावपटू) हवा’ हे वर्णन नव्हे. तुमचा संघ वर जाऊन प्रेस करत असेल, म्हणजे समोरच्याच्या अर्ध्यात घुसून चेंडूसाठी दबाव टाकत असेल, तर सेंटर बॅकच्या पाठीमागे चाळीस मीटर मोकळं मैदान असतं. तिथे उंची आणि हेडरपेक्षा वळून पळण्याचा वेग आधी लागतो. तोच संघ खाली बसून बचाव करत असेल, तर नेमकं उलट.

प्रत्येक जागेसाठी लिहा: नसेल तर चालणारच नाही अशा तीन गोष्टी, असतील तर बरं अशा दोन, आणि आपण डोळेझाक करू शकतो असा एक दोष. हा शेवटचा मुद्दा लोक गाळतात. पण निर्दोष खेळाडू खालच्या डिव्हिजनमध्ये येतोच कशाला? तो येतो याचा अर्थ त्याच्यात काहीतरी कमी आहे. आपल्या खेळात ती कमतरता झाकली जाईल का, एवढंच तपासायचं.

हे पान क्लबचं असावं, कोचचं नव्हे. खालच्या डिव्हिजनमध्ये कोच बदलतो आणि करार मागे राहतात. आधीच्याला तीन सेंटर बॅक लागायचे, नव्याला दोन, मग तिसऱ्याचा पगार दोन वर्षं कुणी भरायचा?

पाऊल चौथं: कुठे शोधायचं

सगळीकडे शोधणारा क्लब कुठेच नीट शोधत नाही. दोन, फार तर तीन बाजार निवडा आणि तिथला प्रत्येक खेळाडू तुम्हाला तोंडपाठ हवा.

पहिला बाजार मोठ्या अकादमींनी सोडलेल्या पोरांचा. वय अठरा ते एकवीस. तांत्रिक शिक्षण उत्तम, पण खऱ्या, गुणांसाठी लढल्या जाणाऱ्या सामन्यांची सवय नाही. अँडी रॉबर्टसनला सेल्टिकने पंधराव्या वर्षी सोडलं. २०१२-१३ मध्ये तो क्वीन्स पार्ककडून स्कॉटलंडच्या चौथ्या पातळीवर हौशी खेळाडू म्हणून खेळत होता. तिथून डंडी युनायटेड, २०१४ मध्ये हल सिटी, २०१७ मध्ये लिव्हरपूल. क्वीन्स पार्कने त्याला काय दिलं? मिनिटं.

या बाजारात एक गोष्ट ध्यानात ठेवा. वयोगटांच्या फुटबॉलमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं अंगाने पुढे असतात, म्हणून अकादमींत त्यांचाच भरणा जास्त असतो. उशिरा जन्मलेलं, उशिरा वाढलेलं पोरगं ‘लहान चणीचं’ म्हणून बाहेर पडतं. वीस वर्षांचं होईपर्यंत तो फरक बराचसा भरून निघतो, पण त्याच्यावरचा शिक्का तसाच राहतो. सोडलेल्यांच्या यादीत मी जन्मतारीख आधी बघतो.

दुसरा बाजार आपल्या खालच्या पातळीचा. जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी सोडलं होतं. तो कारखान्यात काम करत हौशी आणि अर्धव्यावसायिक फुटबॉल खेळला, २०१२ मध्ये लेस्टरने त्याला फ्लीटवुडकडून १० लाख पौंडांना घेतलं, आणि २०१६ मध्ये लेस्टर प्रीमियर लीग जिंकलं. वार्डी रोज सापडत नाही, हे उघड आहे. पण एक पातळी खालचा सर्वोत्तम स्ट्रायकर आणि आपल्या पातळीवरचा मध्यम स्ट्रायकर यांच्यात पहिल्याचा पगार बहुधा कमी असतो, भूक जास्त असते.

तिसरा बाजार एक पातळी वरच्या बाकाचा: वर्षात पाचशे मिनिटंही न मिळालेले तेवीस-चोवीस वर्षांचे खेळाडू. चौथा, परदेशातल्या दुर्लक्षित लीग. रियाद महरेझ जानेवारी २०१४ मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या डिव्हिजनमधल्या ल हाव्रकडून लेस्टरला आला. मात्र या बाजारात भाषा, हवा, एकटेपणा आणि परवान्यांची कागदपत्रं यांचा खर्च धरा. निव्वळ स्वस्त दिसतो म्हणून तिकडे वळू नका.

लोनचा बाजार मी शेवटी ठेवतो, तात्पुरत्या भोकांसाठी. हॅरी केन २०११ मध्ये लोनवर लेटन ओरिएंटमध्ये येऊन खेळला. क्लबला काही महिने गोल मिळाले, मोठा झाला तो दुसऱ्यांच्या दारात. पोराचा फायदा झाला, क्लबचं कामही भागलं, पण उद्याचं तिथे काही उभं राहिलं नाही. अनेक लीगमध्ये एका सामन्यात किती लोनचे खेळाडू उतरवता येतात यावर मर्यादा असते, ती आधी वाचा.

पाऊल पाचवं: आकड्यांची चाळणी

डेटाचा खर्च आता छोट्या क्लबलाही परवडतो. बऱ्याच लीगमधल्या सामन्यांचे व्हिडिओ आणि आकडे वर्गणी भरून मिळतात. ब्रेंटफर्डने मालक मॅथ्यू बेनहॅमच्या काळात हा रस्ता धरला: २०१४ मध्ये तिसऱ्या पातळीवरून वर आला, २०२१ मध्ये प्रीमियर लीगमध्ये. तेव्हा त्याच बेनहॅमच्या मालकीच्या असलेल्या मिडजिलँडने २०१५ मध्ये पहिल्यांदा डेन्मार्कची लीग जिंकली. पण त्यांच्याकडे गणितज्ञांची फौज होती. तुमच्याकडे बहुधा एक लॅपटॉप आणि एक उत्साही पोरगा असेल. त्यालाही चार गोष्टी करता येतात.

एक, सगळं ‘दर ९० मिनिटांमागे’ मोजायला लावा. दहा गोल ३,५०० मिनिटांत केले की १,२०० मिनिटांत, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि ९०० मिनिटांपेक्षा कमी खेळलेल्याच्या सरासरीवर कोणताही निष्कर्ष काढू नका.

दोन, पेनल्टी वजा करा. साधारण चारपैकी तीन पेनल्टी गोल होतातच, त्याला स्ट्रायकर पारखण्याची गरज नाही. आम्ही एकदा आठ गोलांवर भाळून एक स्ट्रायकर घेतला. सही झाल्यावर कुणीतरी यादी नीट वाचली: आठपैकी पाच पेनल्टी. आमच्याकडे पेनल्टी मारणारा आधीपासून होता.

तीन, गोलांइतकेच फटके कुठून मारले ते बघा. खेळातला सर्वसाधारण फटका दहात एकदा गोल होतो. पण गोलरक्षकाच्या पुढ्यात सहा मीटरवरचा फटका आणि पंचवीस मीटरवरचा फटका यांची गोल होण्याची शक्यता अगदीच वेगळी. एक्सपेक्टेड गोल्स म्हणजे हेच मोजमाप. ज्याचे गोल त्याहून खूप जास्त आहेत, तो पुढच्या वर्षी बहुधा खाली येतो. ज्याचे कमी आहेत पण जागा बरोबर पकडतो, तो स्वस्तात मिळतो.

चार, लीगचा दर्जा. वरून खाली आलेले आणि खालून वर गेलेले वीस-तीस खेळाडू घ्या, त्यांचे आकडे किती घसरले-चढले ते मांडा. हे गणित ओबडधोबड असतं, पण कोणत्या लीगचे गोल फुगलेले आहेत ते कळतं.

गोलरक्षक आणि सेंटर बॅकच्या बाबतीत मात्र आकड्यांवर मी फार भरवसा ठेवत नाही. चांगला सेंटर बॅक टॅकल करायची वेळच येऊ देत नाही, आणि न घडलेली गोष्ट तक्त्यात येत नाही. दोनशे नावांची वीस करणं, एवढंच आकड्यांचं काम. वीसची तीन डोळ्यांनी करायची.

पाऊल सहावं: मैदानावर जाऊन बघणं

तीन सामने, किमान. एक त्याच्या घरच्या मैदानावर, एक बाहेर, आणि एक असा ज्यात त्याचा संघ मार खातोय. जिंकणाऱ्या संघात सगळेच शहाणे दिसतात. तीनपैकी एक सामना दुसऱ्या माणसाने बघावा, आणि पहिल्याचा अहवाल वाचल्याशिवाय.

वॉर्म-अपच्या आधी पोहोचा. कोण कोणाशी बोलतो, दुखरी मांडी कोण चोळतोय, बाकावरच्या गोलरक्षकाला चेंडू आणून देणारा कोण, हे तेव्हाच दिसतं. गोलपोस्टच्या मागे किंवा कोपऱ्यात उभे राहा. मुख्य स्टँडमधून चेंडूकडेच डोळे जातात. पहिली पंधरा मिनिटं चेंडू विसरून जा, फक्त तुमच्या माणसाकडे बघा. नव्वद मिनिटांत त्याच्या पायाशी चेंडू मोजून दोन-तीन मिनिटं असतो. उरलेला वेळ तो काय करतो, यासाठी तुम्ही प्रवास करून आलात.

एका लेफ्ट बॅकच्या माझ्या टिपणातल्या काही ओळी, जशाच्या तशा:

‘८. चेंडू उजवीकडे. आत सरकला, मान वळवून विंगर कुठे ते पाहिलं. दोनदा.
१९. पाठीमागून लांब चेंडू, वेगात हरला. विंगर आत आला, गोल. त्याचीच चूक.
२०. लगेच चेंडू मागितला. सोपा पास दिला. लपला नाही.
३७. तीच चाल. या वेळी दोन मीटर मागे उभा होता.
६१. सेंटर बॅक ओरडला. उत्तर दिलं नाही, हात वर केला.
७८. थकलाय. क्रॉस अडवायला उशीर.
वेग मध्यम, कधी सुधारणार नाही. शिकतो. आमच्या सेंटर बॅकला वेग आहे, तो झाकेल.’

एकोणिसाव्या मिनिटाच्या चुकीपेक्षा सदतिसाव्या मिनिटाचे ते दोन मीटर मोलाचे. हायलाइट्सच्या व्हिडिओत ते कधीच येणार नाहीत.

अहवाल लांबलचक नको. शेवटी दोन प्रश्नांची उत्तरं सक्तीची ठेवा. घ्यायचा, थांबायचं की नको? आणि आला तर आपल्याकडच्या कुणाची मिनिटं जातील? दुसऱ्याचं उत्तर देता येत नसेल तर स्काउटने खेळाडू पाहिला, जागा पाहिली नाही.

ट्रायलबद्दल थोडंसं. एका दिवसाच्या ट्रायलवर मी कधी कुणाला घेतलं नाही. दहा दिवस संघाबरोबर सराव करू द्या. पहिले तीन दिवस सगळेच जीव ओततात, सातव्या दिवशी खरा माणूस दिसतो.

पाऊल सातवं: माणसाची चौकशी

आधीच्या कोचला विचारलंत तर गुळगुळीत उत्तर मिळतं, कारण त्याला तो विकायचाही असू शकतो. फिजिओ, कपड्यांचं सामान सांभाळणारा, दोन वर्षांपूर्वीचा सहखेळाडू, यांच्याशी बोला. ‘स्वभाव कसा आहे?’ असं विचारू नका, ‘चांगला’ म्हणून मोकळे होतील. ‘संघातून वगळला तेव्हा त्या आठवड्यात काय केलं?’ असं विचारा.

दुखापतींची यादी दिवसांत मागा: कोणत्या हंगामात किती दिवस बाहेर, आणि तीच जागा पुन्हा किती वेळा. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, एकदा फाटली की पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो. मेडिकलच्या दिवशी तो पळू शकतो एवढंच कळतं, चाळीस सामने पळेल का हे त्या यादीतून कळतं.

आणि घरी कोण आहे ते विचारा. जोडीदाराची नोकरी, पोरांची शाळा. करार बिघडायला गुडघ्याइतकीच ही कारणंही पुरतात.

पाऊल आठवं: पटवणं आणि नियम

आता आपलं चलन, म्हणजे मिनिटं, बाहेर काढा. ‘तुला पहिल्या संघात खेळवू’ हे वचन कधीही देऊ नका. वही समोर ठेवा: ‘गेल्या तीन वर्षांत तुझ्या वयाचे चार जण आले, त्यांना पहिल्या हंगामात इतकी इतकी मिनिटं मिळाली, त्यांतले दोघे आज वरच्या डिव्हिजनमध्ये आहेत. तुझ्या जागेवरचा माणूस जातोय, त्याची २,८०० मिनिटं मोकळी होताहेत. ती तुला मिळवायची आहेत.’ पगारात वीस टक्के कमी असूनही या बोलण्यावर हो म्हणणारे असतात. जे फक्त पगाराचंच विचारतात, त्यांना शुभेच्छा द्या.

एजंटशी वैर नको, मैत्रीही नको. तो या खेळाडूचा अधिकृत प्रतिनिधी आहे का, हे लेखी बघा. एका एजंटचे चार-पाच खेळाडू संघात झाले, तर क्लबची किल्ली त्याच्या खिशात गेली समजा.

फिफाच्या नियमांतलं निदान एवढं पाठ असू द्या. करार संपायला सहा महिने किंवा त्याहून कमी उरलेत अशाच खेळाडूशी पुढचा करार करता येतो, आणि बोलणी सुरू करण्याआधी त्याच्या क्लबला लेखी कळवावं लागतं. करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा, अठराखालच्यांचा तीन वर्षांचा. अठराखालच्या खेळाडूला दुसऱ्या देशातून आणायला मोजके अपवाद सोडून बंदी आहे. खेळाडूच्या भावी विक्रीत बाहेरच्या गुंतवणूकदाराला वाटा देण्यावर मे २०१५ पासून बंदी आहे. असा वाटा मागणारा कुणी दारात आला तर दार लावून घ्या.

पाऊल नववं: करार

तिशीपलीकडच्याला एक वर्ष, ठरावीक सामने खेळला तर आणखी एक. एकविशीतल्याला तीन वर्षं, किंवा दोन अधिक क्लबच्या मर्जीने एक. दोन वर्षांचा करार दिलेल्या पोराशी पहिलं वर्ष संपायच्या आत बोलायला बसा, नाहीतर दुसऱ्या वर्षी तो फुकटात जाईल.

तुम्ही खेळाडू विकता तेव्हा पुढच्या विक्रीतला हिस्सा मागा. एक्सेटर सिटी हा समर्थकांच्या मालकीचा क्लब. त्यांच्या अकादमीत घडलेला ऑली वॉटकिन्स २०१७ मध्ये ब्रेंटफर्डला गेला, २०२० मध्ये ब्रेंटफर्डने त्याला अ‍ॅस्टन व्हिलाला सुमारे २ कोटी ८० लाख पौंडांना विकलं, आणि करारात हिस्सा ठेवलेला असल्याने एक्सेटरलाही पैसे मिळाले.

पण हिस्सा कशातला, हे नीट वाचा. समजा तुम्ही खेळाडू ५० लाखांना विकलात, २० टक्के हिस्सा ठेवलात. पुढच्याने तो १ कोटीला विकला. हिस्सा एकूण रकमेत असेल तर तुम्हाला २० लाख. नफ्यात असेल तर १० लाख. एका शब्दाने निम्मे पैसे जातात, आणि तो शब्द रात्री अकरा वाजता, विंडो बंद होताना, कुणी वाचत नाही.

शिवाय फिफाचा एकजुटीचा निधी आहे. करार चालू असताना खेळाडू रक्कम देऊन दुसऱ्या देशात गेला, की त्या रकमेचा ५ टक्के भाग बारा ते तेवीस वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. बारा ते पंधरापर्यंत दर वर्षाचा ०.२५ टक्के, सोळा ते तेवीसपर्यंत ०.५ टक्के. सोळा ते एकोणीस तुमच्याकडे असेल तर तुमचे २ टक्के. यासाठी नोंदणीची जुनी कागदपत्रं जपून ठेवा. हक्काचे पैसे केवळ फाइल सापडत नाही म्हणून सोडलेले क्लब मला माहीत आहेत.

पाऊल दहावं: हो कोण म्हणणार

तिघं पुरेत: कोच, भरती बघणारा आणि पैसा बघणारा. कोचला नकाराधिकार असावा, म्हणजे त्याला नको असलेला खेळाडू लादायचा नाही. पण एकट्याच्या मर्जीने कुणी आणायचा अधिकार त्यालाही नसावा. प्रत्येक जागेसाठी तीन नावांची यादी वर्षभर तयार ठेवा आणि महिन्यातून एकदा ती ताजी करा. मग शेवटच्या चार दिवसांत एजंटचा व्हिडिओ आला तरी उत्तर सोपं असतं: यादीत आहे का? नाही? मग नको.

आल्यानंतर

सही झाली की आपलं काम संपलं असं भरतीवाल्याला वाटतं. पहिले तीन महिने त्याच्या घराचं, बँकेच्या खात्याचं, पोरांच्या शाळेचं बघणारा एक माणूस नेमा. दहा सामन्यांनंतर वही उघडा. २,८०० मिनिटं गृहीत धरलेल्याला २०० मिळाली असतील, तर का ते कोचला समोर बसवून विचारा. तो खराब खेळतोय, की आपण चुकीच्या जागेसाठी आणला? पहिल्याला वेळ द्यावा. दुसऱ्याला पुढच्याच विंडोत लोनवर पाठवावं, त्याच्याही भल्यासाठी.

हंगाम संपल्यावर आणखी एक वही काढायची, नाकारलेल्यांची. प्रत्येकासमोर नाकारायचं कारण त्याच दिवशी, एका ओळीत लिहिलेलं हवं. दोन वर्षांनी ते कुठे पोहोचले ते बघा आणि कोणतं कारण वारंवार खोटं ठरतंय ते शोधा. माझ्या वहीत एका सेंटर बॅकसमोर माझ्याच अक्षरात ‘उंची कमी, नको’ असं लिहिलंय. तो आज आमच्यापेक्षा दोन डिव्हिजन वर खेळतो. त्याच पानावर आणखी दोघांसमोर तीच ओळ आहे, आणि तेही वरच आहेत. उंचीचा मुद्दा आता मी ‘असेल तर बरं’च्या रकान्यात हलवलाय.